फटीतला ससा

उपदेशकांची वरची कवळी बरोबर मधोमध दुभंगून तिच्या टेबलावर आली तेव्हा तिला आधी हसू फुटलं, आणि मग आपण हसलो याचाच राग आला. प्लॅस्टिकची डबी, झाकणावर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात नाव, आत ओल्या कापसावर दोन तुकडे. पुढच्या दोन दातांच्या नेमकी मधून चीर गेलेली, थेट टाळूपर्यंत. वरच्या कवळ्या बहुतेक अशाच मोडतात, त्यात नवल काही नाही. माणूस वर्षानुवर्षं चावत राहतो, हिरडी झिजते, कवळी मधेच टेकते आणि कडांना अधांतरी राहते, मग एके दिवशी पावाच्या कडक तुकड्यावर तिचं काम तमाम. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पण उपदेशकांचं तोंड मधोमध फाटावं, आणि तेही नेमकं याच आठवड्यात, म्हणजे कुणीतरी कुठेतरी पोट धरधरून हसत असणार, असं तिच्या मनात आलंच. "परवा सकाळी हवी आहे," डबी घेऊन आलेली दवाखान्यातली मदतनीस म्हणाली. "त्यांना कसलातरी मोठा विधी करायचाय. दातांशिवाय त्यांना 'स' म्हणता येत नाही हो, नुसती हवा सुटते." तिनं मान हलवली. विधी कसला ते तिला ठाऊक होतं. तो तिच्याच भाचीच्या तान्ह्या मुलीचा होता, आणि त्यात जे बोलायचं होतं ते तिलाच बोलावं लागणार होतं.

दात बनवायच्या त्या जागेवर बाहेर 'प्रयोगशाळा' अशी पाटी होती, पण आतले सगळे कारखानाच म्हणत. दोन खोल्या, एकीत प्लॅस्टरचे साचे ओतायचे, दुसरीत मेण, चिमणीच्या दिव्याएवढी ज्योत, घासायची चाकं आणि हवेत कायम तरंगणारी गुलाबी भुकटी. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हिचं मात्र तीस वर्षं भरत आलं होतं, आणि त्यावरून तिला सगळे कवळीबाई म्हणत. तिला ते नाव आवडायचं. त्याआधीचं नाव तिला जन्मतःच मिळालेलं होतं, आणि ते शाळेच्या पटांगणापासून आत्याच्या स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना येत होतं: ससोबा. सशासारखा दुभंगलेला वरचा ओठ लहानपणीच शिवलेला, त्याचा नाकपुडीपासून खाली येणारा पांढरा व्रण, थोडा ओढलेला, हसताना जास्त ओढला जाणारा. त्यामुळे ती बोलताना तर्जनी ओठावर आडवी धरायची. कधीपासून, ते तिला आठवत नव्हतं. नवीन माणसाला वाटायचं बाई विचारात आहेत, जुन्या माणसांना दिसायचंही बंद झालं होतं. दुसऱ्यांची तोंडं नीट करता करता तिचं स्वतःचं तोंड असं अर्ध्या पडद्याआड राहून गेलं, आणि आता पन्नाशी जवळ आल्यावर भाचीची मुलगी जन्मली ती तोच ओठ घेऊन. दवाखान्यात पहिल्यांदा ते इवलंसं गुंडाळलेलं गाठोडं हातात घेतलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला आरसा दिला, आणि तोही चांगला हलवून जागं करून.

डॉक्टरांनी लगेच सांगितलं होतं की काही विशेष नाही. पोटात असतानाच दोन्हीकडची कातडी येऊन मधे जुळते, हिची जुळली नाही. टाके घालू, खाईल, बोलेल, शिट्टीसुद्धा मारेल. तारीखही दिली. पण भाचीच्या सासूनं, म्हणजे विहीणबाईंनी, डोळे पुसून ठामपणे नाही म्हटलं. विहीणबाई काही कजाग नव्हत्या. पोरीला अंगावर पिता येत नव्हतं म्हणून त्या दिवसाकाठी तासन् तास चमच्यानं थेंब थेंब दूध पाजत बसत, आणि थेंब नाकातून परत आला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की फटीतून वारा येतो तसा फटीतून तो येतो. तो म्हणजे खोड्या काढणारा, खोटं बोलणारा, लांब कानांचा ससा, त्यांच्या लेखी सैतानच. त्यांच्या प्रार्थनाघरात त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणत. "आणि तो आत असताना टाके घातले तर?" विहीणबाईंनी विचारलं होतं. "आतच कोंडला जाईल तो. आधी बाहेर काढायचा, मग शिवायचं. घराचं दारसुद्धा चोर आत असताना कुणी लावत नाही." या बोलण्यात इतकी साधी, घरगुती अक्कल होती की भाचीचा नवरा, जो उंच क्रेनच्या खोपटात बसून दिवसभर लोखंडी तुळया हवेत फिरवायचा, तो आईपुढे खाली मान घालून उभा राहिला. सहीसाठी दवाखान्याचा कागद टेबलावर पडून होता. आधी विधी व्हायचा होता: पोरीच्या आईच्या वंशातली जाणती बाई सगळ्यांसमोर उभी राहून सांगेल की हा ओठ म्हणजे त्या दुष्टाची खूण आहे, तो खोटा आहे, आम्ही त्याला टाकलं. तेवढं झालं की मग सही. तिची थोरली बहीण, भाचीची आई, कधीच गेली होती. आईच्या वंशात जाणती म्हणता येईल अशी बाई ही एकटीच उरली होती.

"मावशी, एवढं काय त्यात," भाची काल म्हणाली होती. बाळंतपणानं चेहरा उतरलेला, केस कसेतरी बांधलेले. "आजीनं केलं तसं कर. ओठावर बोट ठेव आणि जे म्हणायला सांगतील ते म्हण. तुझं तर बोट नेहमीच तिथे असतं, कुणाला कळणारपण नाही."

"तुला कुणी सांगितलं आजीचं?"

"आईनं. आई म्हणायची, ओठावर बोट ठेवून बोललेलं आपलं नसतं, सशाचं असतं."

आता कवळीचे दोन तुकडे चिकट मेणानं एकमेकांना जोडताना, मागून ओलं प्लॅस्टर ओतायला ते पलीकडच्या खोलीतल्या साचेवाल्याकडे सरकवताना, आई पुन्हा पुन्हा तिच्यापुढे येऊन उभी राहत होती. आई कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात इस्त्रीला होती. वाफेनं कायम ओली कपाळाची कड, आणि इस्त्री फिरवता फिरवता सांगितलेल्या गोष्टी, ज्यांत ससा कधी चांगला वागायचाच नाही. तो सूर्याला म्हणाला, तुझा उजेड गळतोय, खाली ठेव, भोक बुजवून देतो. सूर्य भोळा. त्यानं ठेवला, सशानं त्यातला एक तुकडा बगलेत मारला आणि धूम ठोकली, म्हणून तर लोकांच्या चुलीत जाळ आहे. आणि पळता पळता सूर्याचं तोंड आठवून तो इतका हसला, इतका हसला की वरचा ओठ फाटला. "हसून फाटलाय तो," आई तिच्या व्रणावर गरम बोट टेकून म्हणायची, "रडून नाही." आईच्या माणसांचा देवच असा होता. त्याला भूक लागायची, तो मार खायचा, थोरामोठ्यांना टोप्या घालायचा आणि पाय लावून पळायचा, कारण त्याच्याजवळ नख्या नव्हत्या, सुळे नव्हते, नुसती अक्कल आणि पाय होते. आईच्या माणसांजवळही तेवढंच होतं. बाप दूर कामाला गेला असताना ती तान्ही पोरगी उचलून, सासरी कुणाला न विचारता, आईनं मोठ्या दवाखान्यात नेऊन तिचा ओठ शिवून आणला होता. परत आल्यावर म्हणाली, डॉक्टर रस्त्यात भेटले, त्यांनीच आग्रह केला. सांगताना बोट अर्थातच ओठावर. आत्याला "तुमच्या हाताला काय चव आहे!" म्हणतानाही बोट तिथंच, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराआड मायलेकी तोंडात पदर कोंबून हसायच्या.

पण तिच्या स्वतःच्या विधीच्या दिवशी ती हसली नव्हती. सात-एक वर्षांची होती. शाळेत काहीतरी थाप मारली, पोरं मारतात तसली, आणि पकडली गेली, पण आत्यानं ती थाप प्रार्थनाघरापर्यंत नेली. व्रण असलेली पोर खोटं बोलते, म्हणजे काय ते सांगायला नको. उपदेशक तेव्हा तरुण होते, दाढी काळी, दात स्वतःचे. भरल्या मंडळींसमोर त्यांनी आईला उभं केलं. आईनं बोट ओठावर ठेवलं, लोकांना वाटलं बिचारी लाजते आहे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली: तो खोटा आहे. तो घाण आहे. माझ्या पोरीच्या ओठावर त्याची खूण आहे, मला तिची लाज वाटते. एकेक शब्द. घरी येताना आईनं तिचा हात दाबला, डोळे मिचकावले, तिला वाटलं असणार की पोरीला कळलं. पोरीला कळलं होतंच, सशाची रीत तिला पाठ होती, ते शब्द आईचे नाहीत हे डोक्याला पक्कं ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असून काय होतं? कान तर तिचेच होते. मला तिची लाज वाटते. आई केव्हाच गेली, आत्या गेली, ते वाक्य मात्र कुठे गेलं नाही. इतक्या वर्षांत हे तिनं स्वतःला असं सरळ कधी सांगितलं नव्हतं, आज मेण पुसता पुसता सांगितलं. आपण बोट ठेवतो ते आईसारखं ठेवत नाही. आईचं बोट म्हणजे चोरवाट होती, ती त्यातून मोकळी बाहेर पडायची. माझं बोट म्हणजे नुसतं झाकण. बोट ठेवल्यानं बोलणारा सुटतो. ऐकणाऱ्या पोरानं कुठे बोट ठेवायचं? आणि त्या तान्हीला आज काही कळत नसलं, तरी सांगणारे शंभर जण बसलेले असतील. तुझ्या मावशीआजीनंच म्हटलं होतं, भर सभेत, आठवतंय आम्हाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करणार ती?

"कवळीबाई, कुणाचा एवढा जबडा?" साचेवाल्यानं विचारलं. तो साच्याच्या कडा तासत होता, भुवयांपर्यंत पांढरा. त्याचा धर्म वेगळा, गाव वेगळं. तिनं सगळं सांगून टाकलं, कसं कोण जाणे. तो तासता तासता म्हणाला, "आमच्यात ससा वाईट नाही. पण मूर्ख आहे. चंद्रानं त्याला माणसांकडे निरोप घेऊन धाडलं, की मी मरतो आणि परत येतो, तसे तुम्हीही याल. हा वाटेत खेळत बसला, आणि पोचल्यावर उलटंच सांगितलं. म्हणून आपण मरतो ते मरतोच. चंद्रानं चिडून थोबाडीत दिली, त्यात ओठ फाटला."

"म्हणजे तुमच्यात मारून फाटला."

"हो. आमची आजी कुणी मेलं की आधी सशाला शिव्या घालायची, मग रडायची." त्यानं फुंकर मारली, भुकटी उडाली. "बरं असतं ते. देवाला शिव्या घालता येत नाहीत ना."

हसला म्हणून, मार खाल्ला म्हणून, दुष्ट आत शिरला म्हणून, कातडी जुळली नाही म्हणून. तिला वाटलं, एवढीशी फट, आणि केवढी माणसं त्यात डोकं घालून बसली आहेत! प्रत्येकाला खात्री की आत आपलाच ससा आहे. आणि ज्याचा ओठ, त्याला कुणी विचारत नाही, बाळा, तुला दूध पिता येतंय का? तिला भयंकर राग आला. उपदेशकांचा आला, विहीणबाईंचा आला, मेलेल्या आत्याचा आला, आणि शेवटी, ज्याला ती आजवर भीत आली होती तो, आईचाही आला. आला तो आला. आईवर राग आला म्हणून काही आकाश कोसळलं नाही, ज्योत तशीच जळत राहिली.

कवळी जोडली, गुलाबी लेप भरला, तो घट्ट झाला, आणि घासायचं चाक हातात आलं तेव्हा मात्र तिच्या आत काहीतरी कान टवकारून उठून बसलं. पुढच्या दोन दातांच्या मागं, नखाच्या टोकाएवढं घासलं तर पुरे. दिसायला काही दिसणार नाही, पण 'स' आला की शिट्टी वाजेल. बारीक, स्वच्छ शिट्टी. सैतान म्हणायला जातील, शिट्टी. ससा म्हणायला जातील, दोन शिट्ट्या. तिनं चाक सुरू केलं, टेकवायला नेलं, हसू अगदी गळ्याशी आलं होतं. आणि तिनं चाक बंद केलं. पुण्यबिण्य काही आठवलं नाही तिला. तिला एवढंच दिसलं की शिट्टी वाजली तर उपदेशक क्षणभर गोंधळतील, आणि मग हात वर करून म्हणतील, पाहा, त्यानं माझ्याही तोंडात हात घातला. मंडळींच्या अंगावर काटा येईल आणि पोरीचा ओठ आणखी काळा होईल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतोच, त्याला वर शिट्टी कशाला द्यायची? मग तिनं ती कवळी अशी घासली, अशी चमकवली, की डॉक्टरांनीही मान डोलवावी. बोला तुम्ही, ती मनाशी म्हणाली. सगळी अक्षरं घ्या. दातांचं कारण सांगायला जागा ठेवत नाही.

प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट दालन होतं, गुळगुळीत बाकं, उंचावर खिडक्या. परवाची सकाळ उजाडली आणि ती तिथं पुढच्या बाकावर भाचीशेजारी बसली. पोर विहीणबाईंच्या मांडीवर होती, तोंडाशी चमचा, जावई कामाचे जाड बूट घालून कडेला उभा. उपदेशक आता म्हातारे, पाठीत वाकलेले, पण आवाज तोच, आणि एकेक 'स' काचेसारखा. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला, आणि वाटला याची गंमत वाटली. ते बोलले बराच वेळ. मग म्हणाले, "आईच्या वंशातली जाणती पुढे येऊ दे." भाचीनं तिच्या कोपराला हळूच बोट लावलं. ती उठली. तिचा हात सवयीनं वर निघाला, तो तिनं खाली आणून दुसऱ्या हातात धरून ठेवला. ओठावर वारा लागला. दालनातल्या इतक्या डोळ्यांसमोर आपला व्रण असा उघडा ठेवायची ही पहिलीच वेळ, पायाखाली पायरी नसावी तसं वाटत होतं.

"म्हण," उपदेशक म्हणाले. "तो खोटा आहे."

"नाही म्हणणार, बाबा."

कुणीतरी खोकलं. उपदेशकांना वाटलं बाईला ऐकू कमी येतं, त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश.

"ऐकलं मी. या पोरीच्या ओठावर कुणाची खूण आहे असं मी म्हणणार नाही. लाज वाटते असंही म्हणणार नाही. माझ्या आईनं म्हटलं होतं इथंच उभं राहून, मी ऐकत होते."

"मग तो आत राहील," उपदेशक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. "शिवलं की कायमचा आत राहील. त्याची जबाबदारी कोण घेणार?"

भाची रडायला लागली होती. जावयानं खाली पाहिलं. सही आता होत नाही, तिला कळलं, आपल्या ताठपणापायी या पोरीचा ओठ तसाच राहणार. परत फिरावं, बोट ठेवावं, सुटावं. आणि तेव्हाच तिला ते दिसलं. इतकं सरळ होतं ते, की आजवर कुणाला कसं दिसलं नाही याचं तिला नवल वाटलं. ती उपदेशकांकडे पाठ करून विहीणबाईंकडे वळली.

"विहीणबाई, माझा ओठ शिवला तेव्हा मी पाळण्यात होते. विधी झाला सातव्या वर्षी. आधी टाके, मग विधी. म्हणजे तुमच्या हिशेबानं तो माझ्या आत कोंडलेलाच आहे की नाही? पन्नास वर्षं होत आली. बाहेर जायला त्याला वाटच नव्हती." तिनं बाकांवरून नजर फिरवली. "बरं, मग मी काय केलं इतकी वर्षं? दात केले. तुमचे खालचे मी केले. ते मागच्या बाकावरचे काका, त्यांचे दोन्ही. खिडकीजवळच्या त्या तिघी बहिणी, तिघींचे. इथल्या निम्म्या तोंडांत माझ्या हातचं काम आहे, त्याच दातांनी तुम्ही रोज जेवता आणि त्याच दातांनी प्रार्थना म्हणता. बाबांची वरची कवळी परवा मधोमध फाटली होती, ती मी जोडली. आत्ता जे मला म्हणायला सांगत होते ते त्याच दातांनी सांगत होते. स्पष्ट येतंय ना, बाबा, सगळं?" तिचा ओठ ओढला गेला, ती हसत होती, आणि तिनं तो ओढला जाऊ दिला. "ज्याला भीती वाटते त्यानं दात काढून इथं समोर ठेवावेत. मी थांबते."

मागच्या बाकावरच्या काकांनी खरंच खालची कवळी काढून रुमालात घेतली. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणीच काढत नाही म्हटल्यावर रुमाल कुठे ठेवावा ते त्यांना समजेना, आणि त्यांनी ती गुपचूप पुन्हा बसवली. तिघी बहिणी ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या. उपदेशकांचं तोंड उघडलं, आतून दात चमकले आणि ते मिटलं. रागानं की विचारानं, ते तिला कळलं नाही, आणि आज प्रथमच तिला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. ती विहीणबाईंकडेच पाहत राहिली, कारण चमचा त्यांच्या हातात होता.

विहीणबाईंनी पोरीकडे पाहिलं. थेंब नाकातून परत आला होता, तो त्यांनी पदराच्या टोकानं टिपला. त्यांचा गाल आतून हलत होता, जीभ दातांवरून फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी वर न बघता मुलाला विचारलं, "कागद कुठाय तो दवाखान्याचा?"

"खिशात आहे," जावई म्हणाला. तो त्यानं घरून आणला होता. कुणाला न सांगता.

"मग सही कर. तारीख जवळ आली, उपाशी न्यायची म्हणालेत तिला." त्यांनी पोर खांद्यावर घेतली, उठल्या, आणि तिच्यासमोर येऊन थांबल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर होती. "आणि खालचे दात टोचतात मला, डाव्या बाजूला. पहिल्या दिवसापासून टोचतात."

"उद्या या कारखान्यात. काढून द्या, घासून देते."

"या म्हणता तर येते," विहीणबाई म्हणाल्या, आणि उपदेशकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुढे म्हणाल्या, "पण इथं नाही काढणार."